पोचमपल्लीची हाडे, कोलकात्याचे दालन : चंद्रपूर-गडचिरोलीच्या सरीसृपांचे प्रदर्शन

(१)
सरीसृपांचे प्रदर्शन म्हटले की आपल्यासमोर सर्पोद्यान उभे राहते. पुण्याचे कात्रज सर्पोद्यान १९८६ साली सुरू झाले. तेव्हापासून काचेपलीकडच्या नागाची आणि अजगराची छायाचित्रे काढण्यात शाळकरी मुलांच्या कित्येक सहली रमल्या. आजच्या धाग्यातील सरीसृप मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वीचे आहेत. ते चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या जमिनीतून बाहेर आले, आणि त्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्राणी पाहायचा तर आज कोलकाता गाठावे लागते.

(२)
डायनोसॉर हे सरीसृपच. ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली ग्रीक शब्दांवरून हे नाव घडवले. त्याचा अर्थ ‘भयंकर सरडा’. मराठीत आपण या वर्गाला ‘सरपटणारे प्राणी’ म्हणतो खरे, पण डायनोसॉर सरपटत नसत. सरड्याचे पाय बाजूला फाकलेले असतात; डायनोसॉरचे पाय देवळाच्या खांबांसारखे थेट धडाखाली असत. सांगाडा पाहताना पहिली नजर पायांवर टाकावी ती यासाठीच.

(३)
या धाग्यात दोन प्रश्नांचा मागोवा घ्यायचा आहे. या दोन जिल्ह्यांत सापडलेले प्राचीन सरीसृप आज कुठे मांडलेले आहेत? आणि त्यांना नावे देताना कोणाकोणाची आठवण ठेवली गेली? दुसरा प्रश्न किरकोळ वाटेल. पण प्रदर्शनातील प्राण्याला स्वतःची कहाणी सांगता येत नाही. त्याच्या वतीने बोलते ती शेजारची पाटी.

(४)
आधी नकाशा पाहू. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता निर्माण होते. ती दक्षिणेकडे वाहत सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. या खोऱ्यात गोंडवन खडकांचे थर आहेत. ‘गोंडवन’ हे नाव गोंडांच्या प्रदेशावरून भारतात काम करणाऱ्या भूवैज्ञानिकांनी एकोणिसाव्या शतकात दिले. पुढे आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत ज्या महाखंडात एकत्र होते, त्यालाही तेच नाव मिळाले. आपल्या जंगलपट्ट्यातला शब्द अशा रीतीने जगाच्या भूगोलात गेला.

(५)
या प्रदेशातील जीवाश्मांचा पद्धतशीर शोध सुरू झाला तो नागपुरातून. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. धर्मप्रसार आणि शाळा हे त्यांचे काम; दगड हा छंद. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूरच्या परिसरातील खडक आणि जीवाश्म यांवर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. आजचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.

(६)
हिस्लॉप यांचा मृत्यू ४ सप्टेंबर १८६३ रोजी झाला. टाकळघाट परिसरातील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. त्याच वर्षी नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले, ज्याला नागपूरकर आजही ‘अजब बंगला’ म्हणतात. मात्र हिस्लॉप यांनी गोळा केलेले अनेक नमुने लंडनला गेले. प्राणहितेच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातील मालेरी येथील मगरीसारख्या एका प्राचीन सरीसृपाला १८८५ साली ‘पॅरासुकस हिस्लोपी’ हे नाव मिळाले.

(७)
आता चंद्रपूर जिल्ह्यात येऊ. वरोरा तालुक्यातील पिसदुरा हे छोटे गाव. तिथे अवाढव्य हाडे सापडतात, ही गोष्ट हिस्लॉप यांच्या काळापासून अभ्यासकांना ठाऊक होती. इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड लिडेकर यांनी पिसदुऱ्याच्या शेपटीच्या मणक्यांवरून १८७९ साली एका डायनोसॉरला ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी’ असे नाव दिले. हा मान भूवैज्ञानिक ब्लॅनफोर्ड यांना. प्राणी पिसदुऱ्याचा, पण नाव साहेबाचे. त्या काळाची रीतच ती होती.

(८)
पुढचा मोठा अध्याय स्वातंत्र्यानंतरचा, आणि तो लिहिला संख्याशास्त्राच्या एका संस्थेने! प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. आकडेमोडीला सर्व विज्ञानांची जोड हवी, असा त्यांचा आग्रह होता. १९५७ साली त्यांनी लंडनच्या जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना निमंत्रण दिले आणि संस्थेत भूवैज्ञानिक विभाग सुरू झाला. या विभागाचे तरुण संशोधक प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात उतरले.

(९)
१९५८ साली सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्ली गावाजवळ पहिली हाडे दिसली. (साड्यांसाठी प्रसिद्ध असलेले तेलंगणातील पोचमपल्ली ते वेगळे.) मुख्य उत्खनन १९६१ साली झाले. मधल्या तीन वर्षांत प्रशासकीय नकाशा बदलला होता. हाडे दिसली तेव्हा मुंबई राज्य होते, उकरली तेव्हा महाराष्ट्र राज्य. जिल्हा तेव्हा चांदा. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. सुमारे १८ कोटी वर्षे एकाच जागी पडून असलेल्या हाडांचा पत्ता पाव शतकात असा बदलत गेला.

(१०)
उत्खननात मांडीचे एक हाड निघाले. लांबी १.७ मीटर, म्हणजे उंच माणसाच्या डोक्याला लागेल एवढी! ते पाहून संशोधक त्या प्राण्याला आपापसांत ‘मोठ्या पायाचा’ म्हणू लागले. बंगालीत ‘बडो’ म्हणजे मोठा आणि ‘पा’ म्हणजे पाय. त्यातूनच पुढे ‘बारापासॉरस’ हे शास्त्रीय नाव आले. मराठी वाचकाला त्यात ‘बारा पाय’ ऐकू येतील; पाय मात्र चारच. खोदकामाच्या जागेवरचा बोलीतला शब्द जगाच्या डायनोसॉर-सूचीत जावा, हे क्वचितच घडते.

(११)
नावाचा दुसरा भाग ‘टागोरी’. १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांचे जन्मशताब्दी वर्ष, म्हणून त्यांना हा मान. सोहनलाल जैन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली ‘बारापासॉरस टागोरी’ हे नाव औपचारिकपणे प्रसिद्ध केले. हाडे दिसण्यापासून नाव मिळेपर्यंत सतरा वर्षे गेली. हाड खणणे हे कामाचे पहिले पाऊल असते. खडक सोडवणे, जोडणे, मोजणे आणि जगभरच्या नमुन्यांशी ताडून पाहणे यांत वर्षे जातात.

(१२)
पोचमपल्लीचा साठा साधा नव्हता. सुमारे २७६ चौरस मीटर जागेत तीनशेच्या आसपास हाडे विखुरलेली होती. डाव्या मांडीची सहा हाडे मिळाली. एका प्राण्याला डावी मांडी एकच, म्हणजे तिथे किमान सहा प्राणी होते. हाडांसोबत मोठमोठे अश्मीभूत वृक्षही होते. त्यावरून एक तर्क मांडला गेला : प्राण्यांचा कळप महापुरात सापडला असावा आणि झाडांच्या ओंडक्यांसह त्यांची शरीरे वाहत येऊन गाळात रुतली असावीत. प्राणहितेचा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दृश्य कल्पिणे अवघड नाही.

(१३)
अशी हाडे हलवतात कशी? जीवाश्म हा दगड असला तरी आतून भेगाळलेला असतो. उचलताच चुरा होऊ शकतो. म्हणून उत्खननाची रूढ पद्धत अशी : हाडाभोवतीचा खडक कोरून काढायचा, उघड्या भागावर ओला कागद ठेवायचा, वरून प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळायच्या. मोडलेल्या पायाला घालतात तसेच हे प्लास्टर. ते वाळले की हाड खालच्या खडकासह उलटवायचे. त्याआधी प्रत्येक हाडाची जागा आणि दिशा कागदावर उतरवायची. ती नोंद हरवली तर अर्धा इतिहास हरवतो.

(१४)
आज बारापासॉरसचा उभा सांगाडा कोलकात्यात, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूविज्ञान संग्रहालयात आहे. प्राण्याची लांबी साधारण १४ मीटर मानली जाते. हा सांगाडा एकाच प्राण्याचा नाही. कळपातील वेगवेगळ्या प्राण्यांची हाडे जुळवून तो उभा केला आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पोचमपल्लीला कवटी सापडलीच नाही, मिळाले ते काही दात. त्यामुळे पुस्तकांत बारापासॉरसचे जे डोके दिसते, ते नातलग प्राण्यांवरून बांधलेला अंदाज असते. छायाचित्रात अस्सल आणि अंदाज सारखेच दिसतात. फरक सांगायला मजकूरच लागतो.

(१५)
दुसरा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात आहे. त्याचे नाव ‘कोटासॉरस यमनपल्लीएन्सिस’. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पी. यादगिरी यांनी ते १९८८ साली दिले. किमान बारा प्राण्यांची ८४० हाडे आजच्या तेलंगणातील यमनपल्लीजवळ मिळाली होती. पण ‘कोटा’ कुठले? प्राणहितेच्या डाव्या तीरावरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूचे, सिरोंचाच्या उत्तरेस असलेले कोटा गाव! त्या गावावरून खडकाच्या थराला ‘कोटा’ हे नाव पडले आणि थरावरून प्राण्याला. हैदराबादच्या दालनात गडचिरोलीचे एक गाव असे लपलेले आहे.

(१६)
पुन्हा वरोरा परिसरात. पिसदुऱ्याच्या जवळच डोंगरगावची टेकडी आहे. १९८०च्या दशकात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांना तिथे एका डायनोसॉरचा बराचसा सांगाडा मिळाला. १९९७ साली त्याला ‘टायटॅनोसॉरस कोल्बर्टी’ हे नाव दिले गेले, अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ एडविन कोल्बर्ट यांच्या सन्मानार्थ. २००३ साली तो स्वतंत्र गणातला ठरला आणि नाव झाले ‘इसिसॉरस’. ‘इसि’ ही संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. डोंगरगाव मात्र नावात आले नाही.

(१७)
पिसदुरा-डोंगरगावचा काळ पोचमपल्लीपेक्षा फार अलीकडचा : सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे बारापासॉरस आणि इसिसॉरस यांच्यामध्ये जेवढा काळ गेला, तो इसिसॉरस आणि आपल्यामधल्या काळापेक्षाही मोठा आहे. दख्खनच्या लाव्हाचे उद्रेक आणि डायनोसॉरचा अंत या घटना तेव्हा उंबरठ्यावर होत्या. ‘डायनोसॉरचा काळ’ असे आपण एका दमात म्हणतो. या दोन शेजारी जिल्ह्यांनीच त्याची दोन दूरची टोके जपली आहेत.

(१८)
पिसदुऱ्याची सर्वांत मोलाची वस्तू दिसायला अगदीच सामान्य आहे : अश्मीभूत विष्ठेचे गोळे. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी त्यांत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण शोधले. निदान पाच प्रकारच्या गवतांची ती खूण होती; त्यांत बांबू आणि भात यांच्या कुळांशी नाते सांगणारी गवतेही होती. डायनोसॉरच्या काळात गवताचे इतके प्रकार नसावेत, हा समज या शोधाने मोडीत निघाला. धानाचा आणि बांबूचा मुलूख म्हणवणाऱ्या या प्रदेशासाठी याहून समर्पक पुरावा कोणता?

(१९)
आणि आता खरोखर सरपटणारा सरीसृप. पिसदुऱ्याच्या थरांतील मोठ्या सापाचे मणके अभ्यासून धनंजय मोहबे आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी २०११ साली त्या सापाला ‘मॅड्सोइया पिसदुरेन्सिस’ हे नाव दिले. तिथल्याच एका कासवाला जैन यांनी १९७७ साली ‘पिसदुरेन्सिस’ हेच विशेषण लावले होते. त्या कासवाचा गण २०२० साली बदलला आणि त्याला नाव मिळाले ‘जैनेमिस’, जैन यांच्या स्मरणार्थ. आज ‘जैनेमिस पिसदुरेन्सिस’ या एका नावात संशोधक आणि गाव शेजारी-शेजारी आहेत.

(२०)
आता हिशेब मांडू. ब्लॅनफोर्ड, हिस्लॉप, टागोर, कोल्बर्ट, सांख्यिकी संस्था : व्यक्ती आणि संस्था. कोटा, यमनपल्ली, पिसदुरा : गावे. पोचमपल्ली आणि डोंगरगाव, जिथून दोन सर्वांत मोठे प्राणी निघाले, ती नावांत कुठेच नाहीत. शास्त्रीय नाव एकदा दिले की सहसा बदलत नाही, म्हणून ही उणीव भरून निघणार नाही. ती भरून काढण्याची जागा उरते ती दालनातील पाटी, पाठ्यपुस्तक आणि आपण काढलेल्या छायाचित्राखालची ओळ.

(२१)
मग हाडे बाहेर नेली हा अन्याय होता का? घाईने तसे म्हणणे योग्य होणार नाही. उघड्यावर पडलेला जीवाश्म सुरक्षित नसतो. उन्हाने तडकतो, पावसाने झिजतो, नांगराने फुटतो. १९६१ साली सिरोंचाजवळ तो सोडवण्याची, जतन करण्याची आणि अभ्यासण्याची सोय नव्हती. कोलकात्याला गेली म्हणून ती हाडे टिकली आणि अभ्यासकांना मिळाली. पण त्यानंतर पिढ्या गेल्या. ज्या गावच्या मुलांच्या आजोबा-पणजोबांच्या डोळ्यांदेखत ही हाडे निघाली, त्यांना ती पाहायला हजारावर किलोमीटर जावे लागावे, ही स्थिती योग्य म्हणता येणार नाही.

(२२)
या स्थितीला मिळालेले एक उत्तर सिरोंचा तालुक्यातच आहे : वनविभागाचे वडधम जीवाश्म उद्यान. गडचिरोली शहरापासून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर, आलापल्लीच्या जंगलातून जाणारी वाट. वडधमला अश्मीभूत वृक्षांचे ओंडके आणि प्राचीन प्राण्यांचे अवशेष त्यांच्या मूळ भूमीतच पाहता येतात. कोलकात्याचा भव्य सांगाडा इथे नाही. पण ज्या मातीतून तो निघाला तिचा रंग, खडकाचा थर आणि शेजारून वाहणारी नदी कोलकात्यात नाही. दोन्ही पाहिल्यावरच चित्र पूर्ण होते.

(२३)
अशा ठिकाणी जाणाऱ्याने एक नियम मनाशी पक्का करावा : छायाचित्र न्यावे, तुकडा नेऊ नये. जिवंत सापाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. जीवाश्मांसाठी भूवारसा जतनाच्या कायद्याचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. वनजमिनीवर मात्र १९२७चा भारतीय वन अधिनियम लागू आहे आणि त्यात खडकही वनोपजात मोडतो; राखीव वनातून तो परवानगीशिवाय उचलता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी कारण सरळ आहे : जागेवरून हललेला तुकडा अभ्यासकाच्या उपयोगाचा राहत नाही.

(२४)
छायाचित्र कसे काढावे? माध्यान्हीच्या उन्हात जीवाश्म सपाट दिसतो. सकाळी किंवा सायंकाळी तिरपा प्रकाश पडतो, तेव्हा पृष्ठभागावरची प्रत्येक रेषा उठून येते. चौकटीत मोजपट्टी ठेवावी. ती नसेल तर नाणे किंवा पेन. एक छायाचित्र जवळून, एक चार पावले मागून, एक सभोवतालच्या जमिनीसह. हाड आणि लाकूड यांत गोंधळ होतो : लाकडात वाढीची वलये व लांब धागे दिसतात, तर तुटलेल्या हाडाच्या आत बारीक छिद्रांची जाळी दिसते. त्यावर बसून किंवा उभे राहून छायाचित्र काढू नये, हे वेगळे सांगायला नको.

(२५)
उद्यानाबाहेर, शेतात किंवा नाल्यात असे काही दिसले तर? स्पर्श न करता वरीलप्रमाणे छायाचित्रे घ्यावीत, फोनमधील स्थाननोंद जपावी आणि वनविभाग, जवळचे विद्यापीठ किंवा नागपूरचे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय यांना कळवावे. नेमके ठिकाण समाजमाध्यमावर जाहीर करू नये. हौशी संग्राहक अभ्यासकांच्या आधी पोहोचू शकतात. एका काळजीपूर्वक घेतलेल्या छायाचित्रावरून तज्ज्ञाला पुष्कळ कळते. उचकटून आणलेल्या हाडावरून, ते कुठल्या थरातले हे ठाऊक नसेल तर, फारच थोडे.

(२६)
संग्रहालयातही एक सवय लावून घ्यावी. सांगाड्याचे छायाचित्र सगळेच काढतात, पाटीचेही काढावे. प्राप्तिस्थान म्हणून कोणते गाव लिहिले आहे ते वाचावे आणि नकाशात शोधावे. कोलकात्यात बारापासॉरससमोर उभे राहाल तेव्हा सोबतच्यांना सांगा, की हा प्राणी आमच्या प्राणहितेच्या खोऱ्यातला, सिरोंचाजवळच्या पोचमपल्लीचा. वडधमला जाल तेव्हा तिथल्या मुलांना कोलकात्याच्या दालनातले छायाचित्र दाखवा. त्यांच्या गावच्या शिवारातला प्राणी उभा राहिल्यावर कसा दिसतो, हे पाहण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.

(धागा समाप्त. वरोरा किंवा सिरोंचा परिसरातील वाचकांनी आपल्या गावच्या शाळेत ही माहिती कुठे शिकवली जाते का, हे जरूर कळवावे.)